खोबणीचा इतिहास : संगणकाचा प्रोसेसर बदलता येतो, तो कोणाच्या परवानगीने?

डिसेंबर २०२५ मध्ये ‘ध्रुव-६४’ची बातमी आली. सी-डॅकने विकसित केलेला, ६४ बिटांचा, दोन गाभ्यांचा, एक गिगाहर्ट्झ वेगाने चालणारा हा भारतीय मायक्रोप्रोसेसर. अशी बातमी आली की विज्ञानाचे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : “हा प्रोसेसर माझ्या टेबलावरच्या संगणकात बसवता येईल का?”

प्रश्न भाबडा वाटतो, पण तो तसा नाही. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र त्या नकाराचे कारण ध्रुवच्या वेगात किंवा गुणवत्तेत शोधू गेल्यास सापडत नाही. ते संगणकाच्या मदरबोर्डवरील एका चौकोनी खोबणीत दडलेले आहे. त्या खोबणीला आपण सॉकेट म्हणतो. चिपचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे, खोबणीचा फारसा नाही. म्हणून आज थोडे तिच्याविषयी.

बदलणे म्हणजे नेमके काय?

ज्यांनी हे काम कधी केलेले नाही त्यांच्यासाठी आधी कृती सांगतो. संगणक बंद करून वीजजोडणी काढायची. पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचा स्थितिक विद्युतभार वाहून जाऊ द्यायचा. कोरड्या हवेत आपल्या शरीरावर काही हजार व्होल्टांचा विभव सहज साचतो, आणि व्होल्टभर दाबावर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला तो प्राणघातक ठरू शकतो. मग पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, उतरवायचा. वाळलेली जुनी पेस्ट पुसायची. खोबणीच्या कडेची तरफ उचलायची आणि जुनी चिप अलगद वर काढायची. नव्या चिपच्या एका कोपऱ्यावर लहानसा त्रिकोण असतो. तो खोबणीवरच्या तशाच खुणेशी जुळवायचा. दाब द्यायचा नाही. दिशा बरोबर असेल तर चिप स्वतःच्या वजनाने जागेवर बसते. तरफ खाली, चिपच्या पाठीवर वाटाण्याएवढी पेस्ट, त्यावर हीटसिंक. सवयीच्या हाताला अर्धा तास पुरतो.

पेस्टचे कारण शुद्ध भौतिकशास्त्राचे आहे. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारी दोन धातूंची पृष्ठे सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखी असतात. ती एकमेकांना मोजक्या शिखरांवरच टेकतात आणि मधल्या दऱ्यांत हवा उरते. तांब्याची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे सुमारे ४०० वॅट, तर हवेची ०.०२६. फरक सुमारे पंधरा हजार पटींचा. पेस्टची वाहकता तांब्याच्या तुलनेत फारच कमी असली तरी हवेहून शंभर पटींनी बरी असते, आणि तेवढ्यावर चिपचा जीव वाचतो. पेस्टचा थर पातळ का हवा, हेही यातूनच कळते : तिचे काम दऱ्या बुजवण्याचे आहे, दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे नव्हे.

हे सारे इतके सोपे झाले आहे की त्यामागचा करार आपल्या लक्षात येत नाही. एक चिप काढून दुसरी बसवली आणि संगणक सुरू झाला, याचा अर्थ चार गोष्टी एकाच वेळी जुळल्या. पहिली यांत्रिक : पिना किती आणि कोठे. दुसरी विद्युतीय : कोणत्या पिनेवर किती दाब, कोणता संकेत किती नॅनोसेकंदांत. तिसरी, मदरबोर्डवरील बायोस या चिपला ओळखतो की नाही. आणि चौथी, आज्ञासंच : आपल्याकडचे सॉफ्टवेअर ज्या यंत्रभाषेत लिहिले आहे ती भाषा या चिपला येते की नाही. या चारांपैकी एक जरी तुटली तरी चिप म्हणजे केवळ सिलिकॉनचा तुकडा. हा चौपदरी करार कोण लिहितो, कोण बदलतो आणि त्यावर मालकी कोण सांगतो, यावर गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास उभा आहे.

१९८१ : एक भरलेली आणि एक रिकामी खोबण

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता : ४० पिना, सुमारे २९,००० ट्रान्झिस्टर, ४.७७ मेगाहर्ट्झ वेग. त्याच्या शेजारी तेवढीच एक रिकामी खोबण ठेवलेली होती, ८०८७ या गणिती सहप्रोसेसरसाठी. दशांश अपूर्णांकांचे गणित ८०८८ला थेट येत नसे; सॉफ्टवेअर ते छोट्या छोट्या पायऱ्यांनी करून घेई. ज्याला अभियांत्रिकीची किंवा विज्ञानाची आकडेमोड करायची असेल त्याने नंतर ८०८७ विकत आणून त्या खोबणीत बसवावा आणि कित्येक पटींनी वेग मिळवावा, अशी ही सोय होती. यंत्र घेतल्यानंतर त्याची बुद्धी वाढवता येते, ही कल्पना सामान्य ग्राहकाच्या टेबलावर तिथे पोहोचली.

आयबीएमची आणखी एक अट होती. एवढ्या मोठ्या उत्पादनाचा प्राण एकाच पुरवठादाराच्या हाती नको. तीच चिप दुसऱ्या कंपनीकडूनही मिळाली पाहिजे. या रेट्यातून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात करार झाला आणि एएमडी इंटेलच्या रचनेच्या चिप बनवू लागली. आजच्या साऱ्या स्पर्धेचे बीज या खरेदीदाराच्या सावधगिरीत आहे, हे विसरू नये.

मग १९८४ मध्ये जपानच्या एनईसीची ‘व्ही-२०’ ही चिप आली. पिना ८०८८सारख्याच, यंत्रभाषाही तीच, पण आतली रचना वेगळी आणि वेगही अधिक. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ८०८८ हलकेच उचकटून काढायचा, त्या जागी व्ही-२० दाबून बसवायचा. बाकी काहीही बदलायचे नाही. टेबलावरच्या संगणकात प्रोसेसर बदलण्याचा आपण आज समजतो तो अर्थ पहिल्यांदा बहुधा अशाच हजारो घरगुती प्रयोगांत रुजला.

इंटेलला हे रुचले नाही. चिपच्या आत प्रत्येक आज्ञा पार पाडणारे जे सूक्ष्म कार्यक्रम असतात, ज्यांना मायक्रोकोड म्हणतात, त्यांची नक्कल झाल्याचा तिचा आरोप होता. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये निकाल लागला. मायक्रोकोडला कॉपीराइटचे संरक्षण मिळू शकते, हे इंटेलचे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. पण एनईसीने नक्कल केलेली नाही, असेही सांगितले. या निकालाने एक मोलाची रेषा आखली : तीच भाषा बोलणारा आणि त्याच खोबणीत बसणारा प्रोसेसर स्वतःच्या बुद्धीने घडवणे हा गुन्हा नव्हे.

४८७ची गंमत

खोबण ही सोय आहे, तशी ती विक्रीची युक्तीही होऊ शकते. १९८९ मध्ये इंटेलचा ४८६ आला, आणि त्यात गणिती सहप्रोसेसर प्रथमच मुख्य चिपच्या आत होता. १९९१ मध्ये स्वस्त आवृत्ती निघाली, ४८६ एसएक्स. तिच्यात गणिती विभाग निकामी ठेवलेला असे. मग ज्याला गणित हवे त्याने काय करायचे? त्याच्यासाठी रिकामी खोबण होती आणि तिच्यात बसवण्यासाठी ४८७ एसएक्स नावाचा ‘सहप्रोसेसर’ होता.

प्रत्यक्षात ४८७ हा सहप्रोसेसर नव्हताच. तो जवळजवळ संपूर्ण ४८६ होता, एका अधिकच्या पिनेसह. तो खोबणीत बसला की मदरबोर्डवरील मूळ प्रोसेसर झोपी जाई आणि सगळे काम नवा पाहुणा करी. ग्राहकाने एक पूर्ण प्रोसेसर आधी विकत घेतला होता आणि दुसरा आता घेतला. पहिला मात्र त्याच्याच यंत्रात आयुष्यभर निजून राहिला. १९९२ मध्ये इंटेलने हीच कल्पना ‘ओव्हरड्राइव्ह’ या नावाने अधिक उघडपणे मांडली : खोबण ठेवा, काही काळाने वेगवान चिप घ्या.

याच सुमारास खोबणीची रचनाही सुधारली. ४८६ला १६८ पिना होत्या. प्रत्येक पिनेचे घर्षण थोडे, पण १६८ पिनांचे मिळून एवढे होई की चिप दाबून बसवताना खालचा बोर्ड वाकत असे आणि काढताना पिना वाकत. त्यावर तरफेची खोबण आली. तरफ वर असताना पिनांवरची पकड सुटते, खाली केल्यावर आवळते. म्हणून तिला शून्य बलाची खोबण म्हणतात. एका साध्या तरफेने प्रोसेसर बदलण्याचे काम तंत्रज्ञाच्या हातून विद्यार्थ्याच्या हाती आणले.

सॉकेट ७ आणि दोन्ही बाजूंना असलेला पुणेकर

१९९३ मध्ये पेंटियम आला. त्याचे नाव ‘५८६’ नव्हते, कारण आकड्यांवर व्यापारचिन्हाचा हक्क मिळत नाही, हे इंटेलला न्यायालयात उमगले होते. प्रतिस्पर्धी तेच आकडे आपल्या चिपवर छापत होते. नाव राखता आले, खोबण मात्र काही काळ खुली राहिली. ३२१ छिद्रांच्या ‘सॉकेट ७’मध्ये इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचे के-५ आणि के-६ बसत, सायरिक्सचा ६एक्स८६ बसे, आयडीटीचा विनचिपही बसे. दाबाचे आणि वेगाचे जंपर बदलले की चार कंपन्यांपैकी कोणाचाही प्रोसेसर त्याच मदरबोर्डवर चाले. टेबलावरच्या संगणकाच्या इतिहासात ग्राहकाला एवढे स्वातंत्र्य ना त्याआधी होते, ना त्यानंतर मिळाले.

या काळाशी एक भारतीय नाव जोडलेले आहे. पेंटियमच्या विकासाचे नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण दिल्लीचे. ‘पेंटियमचे जनक’ म्हणून ते आपल्याला ठाऊक असतात. पण त्यांच्या आयुष्यातला पुढचा टप्पा मला अधिक बोधप्रद वाटतो. १९९५ मध्ये ते नेक्सजेन या लहान कंपनीत गेले. नेक्सजेनचा ‘एनएक्स-५८६’ हा प्रोसेसर रचनेच्या दृष्टीने कल्पक होता. परंतु तो इंटेलच्या कोणत्याही खोबणीत बसत नव्हता. त्याला स्वतःचा खास मदरबोर्ड लागे, आणि असे बोर्ड फार थोडे निघाले. चिप उत्तम, बैठक नाही. पुढे नेक्सजेन एएमडीत विलीन झाली, तिच्या पुढच्या रचनेला सॉकेट ७मध्ये बसेल असे रूप दिले गेले, आणि १९९७ मध्ये तीच के-६ या नावाने बाजारात येऊन गाजली. त्याच अभियंत्यांची बुद्धी, त्याच वाटेवरची रचना. फरक मुख्यतः खोबणीचा. ध्रुवविषयी बोलताना या उदाहरणाकडे आपल्याला परत यायचे आहे.

दार बंद होते

मे १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम-२ आणला, आणि त्याबरोबर सॉकेट सोडून ‘स्लॉट १’ आणला. चिप आता एका काळ्या काडतुसासारख्या पेटीत होती आणि तिची लांब कड मदरबोर्डवरील फटीत उभी बसे. यामागे खरे तांत्रिक कारण होते : दुय्यम कॅश स्मृती तेव्हा प्रोसेसरच्या चिपबाहेर होती, आणि ती जवळ ठेवण्यासाठी दोन्ही एकाच पाटीवर बसवणे सोयीचे होते. पण परिणाम दुसराही झाला. नव्या बैठकीवर आणि तिच्या संकेतवहनावर इंटेलचे स्वामित्वहक्क होते, त्यामुळे इतरांना तेथे प्रवेश नव्हता. एएमडीने काही काळ जुन्याच खोबणीचा वेग वाढवून ‘सुपर सॉकेट ७’ चालवले. १९९९ मध्ये अ‍ॅथलॉनसाठी डिजिटल कंपनीच्या अल्फा प्रोसेसरची संकेतप्रणाली घेऊन स्वतःची वेगळी ‘स्लॉट ए’ ही बैठक काढली. लवकरच कॅश स्मृती चिपच्या आत आली, स्लॉटचे तांत्रिक कारण संपले आणि दोन्ही कंपन्या पुन्हा चौकोनी खोबणीकडे वळल्या. पण सामाईक खोबण परत आली नाही. तेव्हापासून इंटेलचा बोर्ड इंटेलसाठी आणि एएमडीचा एएमडीसाठी.

भौतिकशास्त्राची बाजू

खोबणी वारंवार बदलतात त्याचा सारा दोष व्यापारावर टाकणे न्याय्य होणार नाही. निसर्गाचेही काही म्हणणे आहे.

८०८८ पाच व्होल्टांवर चाले आणि दोन-अडीच वॅटहून अधिक शक्ती खात नसे. त्याला पंख्याचीही गरज नव्हती. पहिला पेंटियम सुमारे १५ वॅटांचा. २००४ च्या सुमारास पेंटियम-४ शंभर वॅटांच्या पलीकडे गेला. आता शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. दाब पाचवरून सव्वा-दीड व्होल्टपर्यंत उतरला आणि शक्ती शंभर वॅटांवर चढली, म्हणजे प्रवाह सत्तर-ऐंशी अँपिअरच्या घरात गेला. घरातल्या मोठ्या वातानुकूलन यंत्राला जेवढा प्रवाह लागतो त्याच्या कितीतरी पट प्रवाह अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये. एका बारीक पिनेतून एखाद्या अँपिअरहून अधिक प्रवाह सोडता येत नाही. तेव्हा निव्वळ वीज आत आणण्यासाठी आणि बाहेर नेण्यासाठी शेकडो पिना लागतात. ४० पिनांपासून १६८, ३२१, मग २००४ मध्ये ७७५ आणि आज सतराशे-अठराशे संपर्कबिंदू, हा प्रवास बराचसा या प्रवाहाचा इतिहास आहे.

२००४ मध्येच इंटेलने पिना चिपवरून काढून मदरबोर्डच्या खोबणीत नेल्या. चिपच्या पोटाला आता केवळ सोनेरी सपाट ठिपके उरले. संपर्कबिंदू अधिक दाटीने बसवणे त्यामुळे सोपे झाले. शिवाय पिन वाकली तर हानी चिपऐवजी बोर्डाची होऊ लागली.

आणि त्याच वर्षी एक मोठे स्वप्न मावळले. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याचा दाबही त्या प्रमाणात उतरतो आणि दर चौरस मिलिमीटरमागची शक्ती तेवढीच राहते, हा १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला नियम तीस वर्षे पाळला गेला होता. ट्रान्झिस्टर अतिसूक्ष्म झाल्यावर तो बंद असतानाही गळणारा प्रवाह वाढला, दाब आणखी उतरवता येईना, आणि नियम मोडला. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४चा बेत रद्द केला. वेग वाढेना, तेव्हा गाभे वाढू लागले. ‘नवा प्रोसेसर बसवला की सगळेच दुप्पट जलद’ हा अनुभव तेथे संपला.

दोन खोबणी, दोन वृत्ती

अलीकडची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. २०१७ मध्ये इंटेलच्या आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. खोबण तीच, ११५१ संपर्कबिंदूंची, चिप सहज आत बसे. पण जुन्या मदरबोर्डवर ती अधिकृतपणे चालत नसे. पिनांच्या वाटणीत बदल केला आहे, असे कारण दिले गेले. हौशी लोकांनी काही ठिपके चिकटपट्टीने झाकून आणि बायोस बदलून त्यांतले काही प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले.

दुसरीकडे एएमडीची ‘एएम-४’ ही १३३१ पिनांची खोबण. २०१६ मध्ये आलेल्या या खोबणीसाठी २०२४ मध्येही नवे प्रोसेसर निघत होते. १४ नॅनोमीटरच्या पहिल्या रायझेनच्या जागी ७ नॅनोमीटरचा रायझेन त्याच बोर्डवर बसवता येई. येथेही वाद झालाच. मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की पुढची पिढी काही जुन्या बोर्डांवर चालणार नाही. इतक्या प्रोसेसरांची ओळख साठवायला अनेक बोर्डांवरील बायोसची स्मृती अपुरी पडत होती. ग्राहकांनी एवढा गलका केला की पंधरा दिवसांच्या आत निर्णय फिरवावा लागला. करार लिहिणारा एकटा असला तरी वापरणाऱ्यांच्या आवाजाला किंमत असते, हे त्यातून दिसले.

भारत : कधी खोबण आपली, कधी परक्याची

आता आपल्याकडे वळू. १९८८ मध्ये पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकची स्थापना झाली, ती अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडथळे आल्यामुळे, ही कथा सर्वश्रुत आहे. कमी सांगितला जातो तो तिचा प्रोसेसरविषयीचा भाग. १९९१ चा ‘परम-८०००’ ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या टी-८०० या ट्रान्सप्युटर चिपांवर उभा होता. परंतु वर्षभरातच त्या चिपांची ताकद कमी पडू लागली. १९९२ मध्ये सी-डॅकने इंटेलचा आय-८६० हा प्रोसेसर घेतला आणि ‘परम-८६००’च्या प्रत्येक घटकात एका आय-८६०च्या जोडीला चार ट्रान्सप्युटर बसवले : आकडेमोड नव्याने करायची, निरोपांची ने-आण जुन्यांनी. आज्ञावली लिहिण्याचे ‘परास’ हे वातावरण मात्र दोन्हींत तेच ठेवले, म्हणून शास्त्रज्ञांचे जुने कार्यक्रम नव्या यंत्रावर नेता आले.

यातून घेतलेला धडा १९९४ च्या ‘परम-९०००’मध्ये उतरला. त्याची रचनाच अशी सुटी ठेवली की नवे प्रोसेसर सामावून घेता यावेत. एका आवृत्तीत सुपरस्पार्क, दुसरीत अल्ट्रास्पार्क, तिसरीत डिजिटलचा अल्फा. चिप तिन्ही परदेशी. पण बैठक पुण्यात रचलेली, म्हणून कोणता पाहुणा बसवायचा हे पुण्यात ठरत होते.

याच्या उलट उदाहरण २००८ चे. इंटेलच्या बंगळूरमधील अभियंत्यांनी सहा गाभ्यांचा, सुमारे १.९ अब्ज ट्रान्झिस्टरांचा झिऑन-७४०० हा सर्व्हरचा प्रोसेसर घडवला. आधीच्या ७३०० मालिकेच्या खोबणीत तो थेट बसत असे. म्हणजे जगभरच्या सर्व्हरमधला जुना प्रोसेसर काढून भारतात रचलेला नवा बसवता येत होता. बुद्धी आपली होती. खोबण, आज्ञासंच आणि कारखाना यांपैकी काहीच आपले नव्हते.

आणि तिसरे उदाहरण ‘विक्रम-३२०१’चे. २ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीच्या सेमिकॉन इंडिया परिषदेत ही चिप पंतप्रधानांना भेट देण्यात आली, तेव्हा समाजमाध्यमांवर तिची चेष्टाही झाली. १८० नॅनोमीटरचे तंत्र, म्हणजे २००० च्या आसपासच्या पेंटियम-३चे. मग त्यात कौतुक कसले? या चेष्टेत खोबणीचा विचार नव्हता. इस्रोच्या अग्निबाणांत २००९ पासून १६ बिटांचा विक्रम-१६०१ काम करतो आहे. त्याच्या जागी घेण्यासाठी ३२ बिटांचा विक्रम-३२०१ इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीबरोबर घडवला. हीच ती प्रयोगशाळा, जिच्या कारखान्याला फेब्रुवारी १९८९ मध्ये भीषण आग लागली होती. नव्या चिपची पहिली तुकडी पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत अवकाशात तपासून झाली. तिचा आज्ञासंच इस्रोचा, कंपायलर इस्रोचा, उत्पादन मोहालीचे, आणि ज्या उड्डाणसंगणकात ती बसते तो संगणकही इस्रोचा. करार चारही थरांवर आपण लिहिला आहे. म्हणून तेथे प्रोसेसर बदलण्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही.

परत ध्रुवकडे

तर, ध्रुव-६४ आपल्या टेबलावरच्या संगणकात का बसत नाही? पिना जुळत नाहीत, विद्युतरचना जुळत नाही, बायोस त्याला ओळखत नाही. आणि हे तिन्ही अडथळे उद्या दूर झाले तरी आपल्या संगणकातले सॉफ्टवेअर एक्स-८६ या भाषेत आहे, तर ध्रुवची भाषा रिस्क-फाइव्ह आहे. एक्स-८६ भाषेतील प्रोसेसर बनवण्याचा व्यवहार्य हक्क जगात दोन-तीन कंपन्यांपाशी आहे. इतरांना तो दरवाजा बंद आहे, मग त्यांची चिप कितीही चांगली असो.

पण येथे एक नवी गोष्ट घडली आहे. रिस्क-फाइव्ह हा २०१० मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात जन्मलेला आज्ञासंच खुला आहे. तो वापरण्यासाठी कोणालाही परवाना शुल्क द्यावे लागत नाही. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ त्याच पायावर उभा आहे, सी-डॅकचे ‘वेगा’ घराणे त्याच पायावर. करारातला सर्वांत कठीण थर, भाषेचा, अशा रीतीने सामाईक झाला आहे. उरलेले थर, म्हणजे बोर्ड, त्यावरचे प्रारंभिक सॉफ्टवेअर, कार्यप्रणाली आणि उपयोजने, आपल्याला बांधायचे आहेत. ते एखाद्या समारंभात जाहीर होत नाहीत. ती दहा-पंधरा वर्षांची, कंटाळवाणी, हजारो हातांची कामे असतात. नेक्सजेनची चिप गुणी असूनही अडली, ती याच कामाअभावी. ध्रुवची पुढची भावंडे, ‘धनुष-६४’ आणि ‘धनुष-६४ प्लस’, विकसित होत आहेत. त्यांचे भवितव्य गिगाहर्ट्झच्या आकड्यापेक्षा, त्यांच्यासाठी किती बोर्ड निघतात आणि त्या बोर्डांवर किती विद्यार्थी कार्यक्रम लिहितात, यावर अधिक अवलंबून राहील.

माझी एक चिंता मात्र आहे. आजचे बहुतेक लॅपटॉप, सारे फोन आणि अनेक लहान संगणक यांत प्रोसेसर बोर्डला कायमचा डाखलेला असतो. स्मृतीही त्याच पुडक्यात जाऊ लागली आहे. त्याने वेग वाढतो, वीज वाचते. संकेताला कमी अंतर कापावे लागते, हे भौतिकशास्त्र निर्विवाद आहे. पण त्यातून एक पिढी अशी वाढते आहे जिने संगणक कधी उघडलेलाच नाही. जिला खोबण ठाऊक नाही ती करार कसा ओळखणार, आणि जी करार ओळखत नाही ती नवा लिहिणार कशी?

म्हणून विद्यार्थ्यांना एक विनंती. महाविद्यालयाच्या अडगळीत एखादा जुना डेस्कटॉप पडलेला असेल. शिक्षकांची परवानगी घ्या, वीज काढा, झाकण उघडा. हीटसिंक उतरवा, तरफ उचला, चिप हातात घेऊन तिच्या पिना किंवा ठिपके पाहा. मदरबोर्ड कोणकोणते प्रोसेसर स्वीकारतो, याची यादी शोधा. जमल्यास त्यांतला सर्वांत वरचा, वापरलेला, थोडक्यात मिळणारा प्रोसेसर आणून त्यात बसवा. भंगारात जाणारे यंत्र आणखी चार वर्षे चालेल, हा लाभ आहेच. त्याहून मोठा लाभ म्हणजे, कोपऱ्यावरचा तो लहानसा त्रिकोण खोबणीवरच्या त्रिकोणाशी जुळवताना एक प्रश्न मनात येईल : ही खूण येथेच असावी, हे कोणी ठरवले?

ज्या दिवशी ते ठरवणाऱ्यांत आपण असू, त्या दिवशी ध्रुवविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बदललेले असेल.